खालची फांदी

हेडमास्तर निवृत्त झाले, पण त्यांची शिस्त काही निवृत्त होईना. शाळेतली पोरं सुटली आणि गच्चीवरची कुंडीतली झाडं सापडली. रोज सकाळी ते कात्री घेऊन फायकसच्या बोन्सायसमोर उभे राहत. नवं पान दिसलं की कच्! आठ वर्षांत झाड आज्ञाधारक झालं, पण खोड खालून वर छत्रीच्या दांड्यासारखं एकसारखंच राहिलं.

बोन्साय मंडळाला खोड हवं गावदुम, म्हणजे बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळतं. त्यामुळे दर प्रदर्शनात मास्तरांची कुंडी पाण्याच्या पिंपाशेजारी. पुढच्या टेबलासाठी त्यांचा जीव नुसता तळमळे.

“आणखी छाटायला हवं.”

“अहो, झाडाला जेवू तरी द्या,” बायको म्हणे.

“तुला काय कळतंय त्यातलं!”

मग गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभर जिना बंद झाला. मास्तरांच्या बाईंनी पाणी घातलं, कात्रीला हात लावला नाही. वरच्या डहाळ्या जेमतेम वाढल्या; बुंध्यालगत मात्र एक फांदी फुटली आणि उंडारत पुरुषभर उंच गेली.

“काय रान माजवलंयस!” गच्चीवर पोचताच मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि फांदी करवतीनं उडवली. मग त्यांचं खाली लक्ष गेलं. बुंधा मनगटाएवढा झाला होता.

यंदा कुंडी थेट पुढच्या टेबलावर गेली. मंडळाचे अध्यक्ष चष्मा सरसावून वाकले.

“कसं साधलंत हो?”

“कडक छाटणी. आठ वर्षं, एक दिवस खाडा नाही,” मास्तर छाती काढून म्हणाले.

अध्यक्षांनी कुंडी फिरवली. मागे अंगठ्याएवढा ताजा व्रण होता. “मास्तर, खोड पानांच्या जिवावर जाड होतं, कात्रीच्या नाही. इथली फांदी वर्षभर मोकळी वाढली होती, म्हणून तिच्याखालचं खोड भरलं. एवढा धीर कुणी धरला?”

मास्तरांना अचानक खोकला आला.

“हे वर्षभर वर आलेच नाहीत,” शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. “मी आपली पाणी घालायचे.”

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं, कुंडीसमोरच्या चिठ्ठीवरचं मास्तरांचं नाव खोडलं आणि बाईंना त्यांचं नाव विचारून ठळक अक्षरांत लिहिलं.

दुपारपर्यंत टेबलाभोवती गर्दी जमली. मास्तर कुंडीशेजारी ताठ उभे. एका प्रेक्षक बाईंनी चिठ्ठी वाचली, त्यांच्याकडे पाहिलं आणि कौतुकानं विचारलं,

“अय्या, तुम्ही यांचे मिस्टर का?”