टकटपचा डावा पाय

“पाय सैल सोड, बाळ. रोज उभी राहतेस तसाच ठेव. मला तुझा खरा पाय हवाय, पाहुण्यांसमोर बसवलेला नको.”

मित्रांनो, हा आवाज मी फार पूर्वी ऐकला. बोलणारा गेला. जिच्याशी तो बोलला तीही नाही. पण दुपारी रस्ता ओस पडला आणि दुकानात आरी थांबली, की तो आवाज अजून माझ्या लाकडात हळूच फिरतो.

मी एक जुना फर्मा आहे. फर्मा म्हणजे लाकडाचा पाय. जोडे करणारा कारागीर आधी आम्हाला घडवतो. मग आमच्यावर ओलं चामडं ओढून बसवतो, खिळे ठोकतो, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालतो. जोडा तयार झाला की आम्हाला बाहेर काढतात. जोडा आपल्या माणसाबरोबर निघून जातो आणि आम्ही फळीवर. सगळं गाव आमच्या मापाने चालतं, पण आम्ही स्वतः कधी एक पाऊल टाकलेलं नसतं.

फर्मे बहुतेक जोडीने राहतात. डावा-उजवा एका दोरीने बांधून ठेवतात. मला जोडीदार नाही. त्याचं कारण सांगतो, पण त्याआधी मी कोण होतो ते ऐका.

पाय होण्याआधी मी पायांखाली होतो. याच दुकानाचा उंबरठा होतो. तेव्हा राज्य परक्यांचं होतं. धान्यावरचा कर वाढला, म्हणून एके दिवशी लोकांनी बाजार बंद ठेवला आणि सगळे चौकात जाऊन बसले. कुणाच्या हातात काठीसुद्धा नव्हती. बायकांनी पोरं बरोबर आणली होती, कारण घरी ठेवायची कुणापाशी? परक्यांचे शिपाई आले, रांगेत उभे राहिले आणि त्यांनी बंदुका चालवल्या.

मी त्या दिवशी जेवढे पाय झेलले तेवढे आयुष्यात कधी झेलले नाहीत. अनवाणी, एकच चप्पल घातलेले, कडेवरच्या पोराच्या भाराने वाकडे पडणारे. दुकानाचा मालक, थोरला कारागीर, दार धरून उभा होता आणि ज्याचा हात हाती लागेल त्याला आत खेचत होता. जे माझ्यावरून आत आले, ते वाचले. बाकीच्यांना परक्यांनी गाड्यांत भरून नेलं. कुठे पुरलं ते आईबापांनासुद्धा सांगितलं नाही.

त्या गर्दीत मी दुभंगलो होतो. थोरल्याने नवा उंबरठा बसवला, पण मला चुलीत घालू दिलं नाही. “याच्यावरून माणसं वाचलीत,” थोरला म्हणाला. “हे लाकूड कामाला येईल.”

त्याच दिवसांत त्याने दुकानाचा एक नियम केला. एखादं गिऱ्हाईक म्हातारपणाने गेलं, त्याला आपल्या माणसांच्या हाताने माती मिळाली, की त्याचा फर्मा मोकळा. तो तासून लहान करायचा आणि दुसऱ्या कुणाच्या पायाला द्यायचा. पण ज्याची माती कुठे आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या फर्म्याला हत्यार लावायचं नाही. त्याला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायचं. त्या फळीवर तेव्हा फर्म्यांची अशी दाटी झाली की खालून पाहणाऱ्याला वाटावं, वरच्या मजल्यावर सभा भरली आहे.

पुढे काही वर्षांनी एक पोर बहिणीचं बोट धरून दुकानात आली. लहानपणी ताप आला, त्यात तिचा डावा पाय बारीक आणि आखूड राहिला होता. बाजारातला जोडा घातला की आत चिंध्या कोंबाव्या लागत. तिची मोठी बहीण शिवणकाम करायची, म्हणून गल्ली तिला शिवणताई म्हणे. त्या चिंध्या तिच्याच. उजवा पाय चारचौघांसारखा होता, त्याला फळीवरचा कुठलाही फर्मा चालला असता. डाव्यासाठी मात्र वेगळा घडवायला हवा होता. थोरल्याने कोपऱ्यातून मला उचललं. मला जोडीदार का नाही, ते हे असं.

“हे कशाचं लाकूड?” पोरीने विचारलं.

“उंबरठ्याचं.”

“म्हणजे मी सारखी दारात अडखळणार.”

“उलट,” तो हसला. “दारोदार फिरशील बघ.”

आणि तसंच झालं. पोर मोठी झाली आणि टपालखात्यात लागली. खांद्याला पिशवी, पायात आमचे जोडे. उजवा पाय टक वाजायचा, डावा टप. टक टप, टक टप. लांबून आवाज आला की बायका हात पुसत दारात यायच्या. पोरांनी तिचं गाणंच केलं होतं:

टक टप, टक टप, कोण आलं दारी?
कागदाची पाखरं, चामड्याची स्वारी.

तिचं खरं नाव हळूहळू फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायला लागलं. एरवी ती टकटपच.

ती वाढली तसा मीही वाढलो. लाकूड काही वाढत नाही, मित्रांनो, पण थोरल्याचा मुलगा, धाकटा कारागीर, दरवर्षी माझ्यावर चामड्याचा एक पातळ थर बसवायचा आणि बारीक खिळ्यांनी पक्का करायचा. आत तिचा लहानपणचा पाय तसाच होता आणि त्यावर एकेक वर्ष चढत होतं. दर वेळी माप घेताना दोघांची जुंपायची.

“यंदा पाय वाढला नाही. जीभ तेवढी वाढली,” धाकटा म्हणायचा.

“मग जिभेला फर्मा कर. पैसे तुझा बाप देईल.”

थोरला आतून खोकायचा. तो हसणं लपवतोय हे मला कळायचं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. माझ्या मापाचा एक पाय गावभर वाजत होता, आणि तो आवाज मी रोज सकाळी फळीवरून ऐकत होतो.

परके गेले. झेंडा बदलला. थोरला, ज्याला सगळे अण्णा म्हणत, शांतपणे झोपेत गेला, त्याला माती मिळाली, आणि त्याच्या फर्म्यावर धाकट्याने नियमाप्रमाणे रंधा फिरवला. मग आपल्याच माणसांत दोन तट पडले. आधी भिंती रंगल्या, मग दुकानं जळली, मग कोण कुठल्या बाजूचा हे गल्लीवरून ठरायला लागलं. ज्या गल्लीला लोक कालपर्यंत ‘रंगाऱ्यांची गल्ली’ म्हणत, तिला ‘त्यांची गल्ली’ म्हणू लागले.

एका सकाळी गणवेशातल्या माणसांनी त्या गल्लीची दोन्ही तोंडं बंद केली. या वेळी बंदुका धरणारे परके नव्हते. त्यांची बोली आपली, त्यांच्या आया इथल्याच. घरातून, दुकानातून, नळावरून जो सापडेल त्याला त्यांनी लॉरीत चढवलं. म्हातारे, बाळंतिणी, कुणालाही सोडलं नाही. टकटप त्या गल्लीतली नव्हती. ती टपाल घेऊन त्या गल्लीत आली होती, एवढंच. टक टप, टक टप आमच्या दुकानावरून गेलं, कोपऱ्यावर वळलं आणि परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गणवेशातला एक जण गोणीभर बूट घेऊन दुकानात आला. तळ झिजले होते, टाचा सुटल्या होत्या. “उद्या पाहिजेत,” एवढंच बोलला. धाकट्याने पहिला बूट हातात घेतला आणि उलटा केला. टाक्यांच्या खाचांत पांढरं काहीतरी बसलं होतं. त्याने ते बोटाने चोळलं, वास घेतला. त्यानंतर पाण्याचं घमेलं आणलं, ब्रश घेतला आणि एकेक टाका धुऊन काढला. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. तो बोलला नाही, आणि मला तोंड नाही.

त्याच आठवड्यात शिवणताई आली. टकटपच्या दुसऱ्या जोडातला डावा जोडा दुरुस्तीला आमच्याकडेच पडून होता.

“असू दे तुझ्याकडे,” ती म्हणाली. “आली की लागेल तिला. काही कळलं का रे?”

“नाही, ताई.”

“आक्रसेल ना पण नुसता राहून?”

“फर्मा घालून ठेवतो.”

असा मी तिच्या जोड्यात गेलो, आणि तो जोडा घालून सगळ्यात वरच्या फळीवर बसलो. मित्रांनो, फर्म्याला जोड्याचं अप्रूप नसतं, कारण जोडा आमच्या अंगावर दोन-चार दिवसच राहतो. मी तो वर्षानुवर्षं घालून होतो. नाडी बांधलेली, पॉलिश केलेला, निघायच्या तयारीत. शेजारचे फर्मे जोडीजोडीने बसलेले. मी एकटा, पाय असून न चालणारा.

शिवणताई येत राहिली. कधी चपलेचा अंगठा तुटायचा, कधी बंद. पुष्कळदा काहीच तुटलेलं नसायचं. “काही कळलं का रे?” “नाही, ताई.” मग धाकटा शिडी लावून वर चढायचा आणि जोड्यावर ब्रश फिरवायचा. आधी त्याला भीती होती. गणवेशवाले रस्त्यात होते, बोलणाऱ्याच्या दारात लॉरी उभी राहायची. नंतर ते दिवसही सरले. भीती गेली, पण गप्प बसायची सवय लागली होती. आणि समोर ही बाई, जिची सगळी आशा एका डाव्या जोड्यात मावलेली. ती आशा आपल्या हाताने कशी काढून घ्यायची? वर्षं गेली. त्याचे केस पिकले, तरी गल्लीत त्याला अजून धाकटाच म्हणत.

परवा शिवणताई आली ती काठी टेकत. पायरी चढून बाकावर टेकली, धाप ओसरेपर्यंत थांबली. मग पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढून तिने मांडीवर पसरला. त्यावर खडूने एका लहान पायाची आखणी केलेली होती.

“माझ्या शेजारणीची नात,” ती म्हणाली. “डावा पाय आखूड आहे. चिंध्या कोंबून चालते. मी बघते आणि मला दुसरंच कुणीतरी दिसतं. टकटपचा फर्मा काढ. वरचं चामडं उतरवलंस तर आतला हिच्या मापाचा निघेल.”

धाकटा म्हणाला, “ताई, अण्णांचा नियम...”

“मला माहीत आहे अण्णांचा नियम. मातीशिवाय हत्यार नाही. अरे, पण किती वाट बघायची? मी गेल्यावर तर विचारायलाही कुणी येणार नाही. माती नाही मिळाली तिला. निदान तिचा पाय तरी चालू दे. मोड नियम. पाप लागलं तर मला लागेल.”

मित्रांनो, तुम्ही मला विचाराल, तुला काय वाटलं? मला चालायचं होतं. पुन्हा एखाद्या पोरीच्या मापाने गावभर वाजायचं होतं. तरीही जोडा निघेल या विचाराने माझं लाकूड आकसलं. एक मागणं करतो तुमच्याकडे. तुमच्याही घरात कुणा न परतलेल्याची एखादी वस्तू असेल, छत्री, चष्मा, फुटका कंगवा. तिला धूळ बसू देऊ नका. पण नुसती पुसून ठेवू नका. घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कुणाचं, तो कुठे गेला, त्याला कुणी नेलं. आम्हाला तोंड नाही. माणसांना आहे.

धाकटा शिडी चढला. त्याने मला खाली आणलं, नाडी सोडली आणि जोडा माझ्यावरून उतरवला. तो जोडा त्याने शिवणताईच्या मांडीवर ठेवला. ती त्याच्या आत हात घालून बसली, जणू आत अजून ऊब असेल. धाकट्याने मला गुडघ्यांत धरलं, पक्कड घेतली आणि चामड्याच्या पहिल्या खिळ्याला लावली.

खिळा हलला नाही. त्याने जोर लावलाच नव्हता.

“काय झालं?” शिवणताईने विचारलं. “डोळ्यांना दिसत नाही का आता?”

“दिसतंय.” त्याने पक्कड खाली ठेवली. हात माझ्यावरच होता. “नियम मोडायला नको, ताई. तिची माती कुठे आहे ते मला माहीत आहे.”

शिवणताईचा हात जोड्यात तसाच राहिला.

“नदीपलीकडच्या जुन्या चुनाभट्टीत. दुसऱ्याच दिवशी गणवेशवाल्यांचे बूट माझ्याकडे आले होते. टाक्याटाक्यात तिथला चुना होता. भट्टी कधीचीच बंद, कुत्रंसुद्धा तिकडे जात नव्हतं. रंगाऱ्यांची सगळी गल्ली तिथे आहे. ती पण. मी तो चुना माझ्या हाताने धुतला, ताई. तू पहिल्यांदा विचारलंस ना, तेव्हाही मला माहीत होतं.”