बुसानची नारिंगी लाईन

रत्नागिरीच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये त्या रविवारी पन्नासेक माणसं जमली होती. मालन पहिल्या रांगेत बसली होती. नवऱ्याचं भाषण म्हणून तिनं ठेवणीतली निळी साडी नेसली होती. हरिश्चंद्र बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होता, शेवटची दहा वर्षं बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. संघाच्या काशीरामांनी त्याला भरीला घातलं होतं की कोरियातल्या बुसान शहराबद्दल सांगा, फोटो असतील तर तेही दाखवा.

मालनला आधी हसूच आलं होतं. लग्न झाल्यापासून ती त्याच्या तोंडून एकच ऐकत आली होती, की खलाशाला कसलं शहर दिसतंय, बंदर म्हणजे क्रेन आणि कंटेनर. पण हरिश्चंद्र बोलायला उभा राहिला आणि रंगला. बुसान बघायचं तर गाडी करू नका, म्हणाला, जमिनीखालच्या मेट्रोचं दिवसभराचं तिकीट काढा आणि नारिंगी लाईन पकडा. चागाल्चीला उतरा, तिथं मासळीबाजार आहे, आणि विकणाऱ्या सगळ्या बायका, आपल्या मिरकरवाडा बंदरातल्यांसारख्याच तोंडाळ. लोक हसले. पुढच्या नाम्पो स्टेशनला टेकडीवरचा मनोरा. वर उत्तरेला गेलात की ओन्चनजांग, तिथं गरम पाण्याचे झरे, रस्त्याकडेला पाय सोडून फुकट बसता येतं. आणि शेवटाकडे पमोसाचं देऊळ, स्टेशनाबाहेरून बस मिळते.

देवळाचा फोटो पडद्यावर आला. मेपलची लालभडक पानं, आणि त्याखाली हरिश्चंद्र, निळा स्वेटर घालून, हसरा. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं छापलेली तारीख होती, बावीस नोव्हेंबर दोन हजार बारा.

मालननं ती दोनदा वाचली. सासू गेली ती त्याच वर्षी, तेवीस नोव्हेंबरला. तुळशीच्या लग्नाला दोन दिवस होते.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा कुणी तिथल्या जेवणाचं विचारलं, कुणी थंडीचं. मालन उठून उभी राहिली.

"हा फोटो कधीचा, तेवढं वाचून दाखवा," ती म्हणाली.

हरिश्चंद्रनं मागे वळून पडद्याकडे पाहिलं. मग तो वळलाच नाही. काशीरामांना वाटलं काही नवराबायकोची गंमत आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मालन चपला घालून बाहेर पडली आणि रिक्षा करून एकटी घरी आली.

घरी येईपर्यंत तिला सासूचे ते शेवटचे आठ दिवस एकेक करून आठवले. सासूच्या अंगाखाली तिनं आणि अंजनवेलहून आलेल्या नणंदेनं, हौसानं, पाळीपाळीनं हात घालून तिची कूस बदलली होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. हरिश्चंद्रचा रोज फोन यायचा, बोटीवरून बोलतोय, बोट भर समुद्रात आहे, किनाऱ्याला लागायला आठवडा जाईल. आणि म्हातारी तासातासाला विचारायची, "बोट लागली काय गो?" हौसा तिचं तोंड पुसत सांगायची, "लागतेच आहे, आये." शेवटच्या दिवशीसुद्धा तेच विचारलं, तेच सांगितलं. अग्नी चुलतदीर सखारामनं दिला. हरिश्चंद्र आला तो दहाव्याला, आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडला. मालननंच त्याला पाणी दिलं होतं.

तो घरी आला तेव्हा ती ओट्यावर बसली होती. त्यानं काही लपवलं नाही. बोट अठरालाच बुसानला लागली होती. करार संपला होता. कंपनीच्या एजंटनं त्याच रात्रीचं विमानाचं तिकीट देऊ केलं होतं. हरिश्चंद्रनं त्याला काहीतरी कारण सांगून महिनाअखेरचं मागून घेतलं.

"आयेला तशी बघायचा धीर होईना," तो म्हणाला. "बाबांना जाताना बघितलं होतं, तसं परत नको वाटलं. हॉटेलात बसवेना. सकाळी तिकीट काढायचो आणि लाईनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो. मधे कुठंही उतरायचो."

"आणि उतरून फोटो काढून घ्यायचात."

त्यानं पायातल्या चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"मला धीर आहे का, हे कुणी विचारलं होतं?" मालनचा आवाज चढला नाही. "तुमची आई होती. मी तिचं गूमूत काढलं, त्याचं मला काही नाही. पण मरणाऱ्या बाईला आम्ही खोटं सांगितलं. तुम्ही आमच्या तोंडून सांगितलंत."

त्यानं माफी मागितली. तिला ती माफी चघळून टाकलेल्या चोथ्यासारखी वाटली. ती म्हणाली की माफी तिच्याकडे नंतर मागावी, आधी अंजनवेलला जाऊन बहिणीला सांगावं, स्वतःच्या तोंडानं. त्यानं चार दिवस टाळलं. फोनवर सांगतो म्हणाला. पाचव्या दिवशी मालननं पिशवी भरली आणि सकाळच्या गुहागर गाडीत त्याला आपल्यापुढे चढवलं. सबंध रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. इतकी वर्षं त्याच्या एकटेपणाची आपण कीव केली, सणावाराला त्याच्या वाटणीचा गोडाचा घास बाजूला काढला, हे तिला आठवत होतं.

हौसा पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती. दादा आला म्हणून तिचा चेहरा फुलला. हरिश्चंद्र उभ्यानंच बोलला, बोट कधी लागली ते, एजंटचं ते, मेट्रोचं ते.

हौसानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"ती गेली त्या दिवशी तू कुठं होतास?"

"मासळीबाजारात," तो म्हणाला. "चागाल्चीला."

"मी तिला सांगितलं होतं, दादा पायऱ्यांवर आलाय," हौसा म्हणाली. "तेव्हा तिनं डोळे मिटले." तिनं हात धुतले, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मालननं दोनदा वन्सं म्हणून हाक मारली, पण दार उघडलं नाही. परतीच्या गाडीत हरिश्चंद्र मागच्या बाकावर बसला.

काशीरामांनी हिरव्या लाईनीवरच्या दुसऱ्या भाषणासाठी फोन केला तेव्हा त्यानं नाही म्हणून सांगितलं. त्या वर्षी भाऊबीजेला हौसा रत्नागिरीला आली नाही. हरिश्चंद्र आपण होऊन एकटा अंजनवेलला गेला. संध्याकाळी परत आला तो मालनसमोर बसला आणि म्हणाला की ओवाळलं नाही, पण आत बोलावलं, चहा दिला.

मालन तांदूळ निवडत होती.

"त्या फार चांगल्या आहेत," ती म्हणाली. "माझं मन अजून तिथवर आलेलं नाही." आणि ताट घेऊन ती मागल्या दारी जाऊन बसली.