नाव नसलेला अर्ज

‘‘अर्ज मंजूर नाही ना? नसू दे. शेरे काय दिलेत तेवढे वाच,’’ अभिमन सर म्हणाले.

मेघा मोबाइल हातात धरून पलंगाजवळच्या खुर्चीत बसली होती. पत्र तिनं कॉलेजच्या स्टाफरूममध्येच वाचलं होतं. मग ती सरांच्या घरापर्यंत चालत आली, कारण रिक्षानं आली असती तर लवकर पोचली असती.

पलंगाच्या पायथ्याशी प्राणवायूचं यंत्र गुरगुरत होतं. त्याची नळी सरांच्या नाकाशी. खाली चटईवर बेबाबाई, सरांच्या पत्नी, तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

‘‘शेरे नाहीत, सर.’’

‘‘असं कसं? मी आयुष्यभर पेपर तपासले. शून्य दिलं तरी का दिलं ते सांगावं लागतं.’’ एवढ्यानंच त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत बोट वर धरून ते थांबले, वर्गात थांबायचे तसेच. ‘‘ग्रहणाचा काळ चुकलाय म्हणतात का? आलेख नीट छापला नव्हता? सांग. चूक कळली तर दुरुस्त करता येते.’’

मेघानं बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाई शेंगांकडे पाहत होत्या.

सरांचा तारा सारथी तारकासमूहात होता. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, यादीतला एक आकडा. दर तपाला एकदा तो मंदावे, दीड-दोन महिने तसाच राही आणि पुन्हा पूर्ववत होई. काहीतरी त्याच्या आड येत होतं. काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाला त्याची पडलेलीही नव्हती. सरांना पडली होती. अमळनेरच्या कॉलेजात नवे लागले तेव्हापासून गच्चीवरच्या दुर्बिणीतून त्यांनी त्याची सगळी ग्रहणं पाहिली, एक सोडून. त्या वर्षी ढग हटलेच नाहीत, आणि सर पुढे कितीतरी दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत, असं बेबाबाई सांगत. तारा किती मंदावला ते त्यांनी मांडून ठेवलं होतं. पण आड काय येतं हे कळायला त्याचा उजेड फोडून वर्णपट घ्यावा लागतो, आणि त्याला डोंगरावरची मोठी दुर्बीण लागते. तिच्या रात्री मागाव्या लागतात. अर्ज करायचा, तज्ज्ञांची समिती तो वाचते, ज्याचा प्रश्न मोलाचा त्याच्या पदरात रात्र-दोन रात्री पडतात. या मार्गशीर्षात ग्रहण पुन्हा लागणार होतं. त्याच्या पुढचं एका तपानं. फुप्फुसांचा फोटो पाहून जळगावच्या डॉक्टरांनी मेघाला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यात तपाची गोष्ट नव्हती. उन्हाळ्याचीही नव्हती.

म्हणून मेघा अर्ज लिहायला बसली. अर्ज लिहिण्यात तिचा हात बसलेला होता. कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. दर जूनला आपल्याच जागेसाठी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, आणि रोज दिसणारे प्राचार्य टेबलापलीकडून विचारायचे, ‘‘आपला परिचय करून द्या.’’ केस पांढरे व्हायला लागले तरी ती परिचय करून देत होती.

दुर्बिणीच्या अर्जात मात्र परिचय द्यायचा नव्हता. तोच तर नियम. समितीनं मोठी नावं पाहून माप झुकवू नये, म्हणून अर्जदार कोण, कुठला, कुणाचा शिष्य, यातलं काही अर्जात दिसता कामा नये. मेघाला हा नियम फार आवडला होता. तिनं सगळा अर्ज तसाच लिहिला, निदान तिला तसं वाटलं. सरांची उभ्या हयातीची निरीक्षणं ‘पूर्वी प्रसिद्ध झालेली निरीक्षणे’ झाली. पाठवण्याआधी तिनं तो सरांना वाचून, मराठीत समजावून सांगितला. सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘चांगलं आहे. पाठव.’’

बेबाबाईंनी तेव्हा विचारलं होतं, ‘‘यामा त्यास्नं नाव कोठे शे वं?’’

‘‘नाव लिहायचं नसतं, अक्का. नियमच आहे तसा.’’

‘‘आसा कसा नियम? आखाजीले आपन आगारी टाकतस, नाव घिदाबिगर घास पोचस का? पितरस्ले कसं समजी, कोनसाठे टाकेल शे ते?’’

‘‘गप गं,’’ सर म्हणाले होते. पण मेघाच्या मनातून ते जाईना. तीही त्याच मातीतली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई पितरांसाठी चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा घास सोडायची आणि एकेक नाव घ्यायची. एखादं विसरलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दुपारी कॉम्प्युटरपुढे बसल्यावर तिचं बोट बटणावर थांबलं. संदर्भांची यादी संपल्यावर, अगदी शेवटी, जिथं सहसा कुणी वाचतही नाही, तिथं तिनं एक ओळ घातली. ज्यांनी हा तारा उभ्या जन्मात नजरेआड होऊ दिला नाही ते माझे गुरू अभिमन पाटील, अमळनेर, यांच्या चरणी हा प्रयत्न. इंग्रजीत ते थोडं ओशाळवाणं वाटत होतं. तरी तिनं ते राहू दिलं. मुख्य मजकुरात तर नाव नाही ना, असं तिनं मनाला सांगितलं, मनातल्या मनात नमस्कार केला आणि अर्ज पाठवला.

‘‘मेघा,’’ सर म्हणाले. ‘‘बोल.’’

तिनं पत्र वाचलं. अर्जात अर्जदाराची ओळख उघड झाल्यामुळे तो शास्त्रीय परीक्षणासाठी पाठवण्यात आलेला नाही.

‘‘वाचलाच नाही त्यांनी,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी मी तुमचं नाव घातलं होतं.’’

यंत्राची गुरगुर एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. सरांनी नळी नाकावर नीट बसवली.

‘‘कशाला?’’

मेघानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

‘‘मला नाव नको होतं, बाई. मला त्या ताऱ्याच्या आड काय येतं ते हवं होतं.’’

‘‘तिले काय बोली राहिनात?’’ बेबाबाई खालून म्हणाल्या. ‘‘मीच सांगेल व्हतं.’’

‘‘वा. आगारी मेलेल्यांसाठी टाकतात गं. मी जिवंत आहे अजून.’’ सर हसायला गेले आणि खोकला आला. तो थांबेना तेव्हा बेबाबाई शेंगांची परात तशीच सारून उठल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मेघाकडे त्यांनी पाहिलं नाही. मेघाही खुर्चीतून उठली नाही.

अंगणात येऊन तिनं पुण्याला ललितला फोन लावला. ललित सरांचाच विद्यार्थी, तिच्या मागच्या वर्गातला. आता तिकडच्या संस्थेत ताऱ्यांवर काम करायचा.

‘‘ताई, नाव? तुम्ही?’’ तो म्हणाला. ‘‘मी घातलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं.’’

‘‘काही करता येईल का?’’

‘‘डिसेंबरच्या रात्री गेल्या. त्या वाटून झाल्या.’’ मग त्यालाच आठवलं. ‘‘संचालकांच्या हातात थोड्या रात्री राखीव असतात, अचानक काही घडलं तर. त्यासाठी अर्ज करा. पण मिळाल्या तरी महिना-सव्वा महिना जाईल. तोवर ग्रहण असेल ना?’’

‘‘ग्रहण असेल,’’ मेघा म्हणाली.

ललितनं सरांच्या तब्येतीचं विचारलं. मग म्हणाला, ‘‘नियम तोच आहे हं, ताई. या वेळी कुठंच काही ठेवू नका.’’

दुसऱ्या दिवशी नव्या अर्जासाठी सरांनी तिला लॅपटॉप घेऊन बोलावलं. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता, मेघाचा उपास. बेबाबाईंनी न विचारता तिच्यापुढे चहा ठेवला. उशीला टेकून सर ताठ बसले होते, दाढीही केली होती.

‘‘वर घे. पहिल्यापासून,’’ ते म्हणाले. ‘‘हा आलेख. कोपऱ्यात काय आहे?’’

‘‘अमळनेर.’’

‘‘काप.’’

तिनं कापलं.

‘‘खाली?’’

‘‘तुमची सही आहे, सर. जुन्या कागदाबरोबर आलीय.’’

‘‘ती काप. ‘आमच्या आधीच्या लेखात’ असं लिहिलंयस, ते ‘एका लेखात’ कर. आमच्या म्हटलं की आम्ही कोण ते कळतं.’’ त्यांनी दम खाल्ला. ‘‘गच्चीचा उल्लेख आहे?’’

‘‘आहे.’’

‘‘गच्ची काप. तापीकाठच्या धुक्याचं लिहिलंयस ते काप. धुकं कुठंही पडतं.’’

एकेक करून सगळं निघालं. मेघा कापत होती आणि सर डाफरत होते. जुन्या प्रॅक्टिकलच्या वेळी डाफरायचे तसेच. ‘‘अगं, गुरुवार पोटाला असतो, डोक्याला नसतो. नीट वाच.’’ कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज असा लागला नव्हता. बेबाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

‘‘इतलं काय कापी राहिनी ती?’’

‘‘माले,’’ सर म्हणाले. ‘‘माले कापी राहिनी. आते बरं जमनं तिले.’’

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं मान वर केली नाही. सरांना कामात रडलेलं खपत नसे. संध्याकाळ व्हायच्या आत अर्ज गेला. त्यात आता एक तारा होता, त्याच्या आड येणारं काहीतरी होतं, आणि कुणीही पाहिलेली, कुठूनही पाहिलेली निरीक्षणं होती.

त्यानंतर सर रोज विचारत. आधी शब्दांनी, मग भुवईनं. मार्गशीर्ष सरत आला तसं त्यांना जळगावच्या दवाखान्यात हलवावं लागलं. सरांचा मुलगा सुरतेहून आला, रजा संपल्यावर गेला, पुन्हा आला. मेघा तास संपले की बस धरायची. गुरुवारी ती देवीपुढे बसायची तेव्हा काय मागावं ते तिला कळत नसे. सरांचं आयुष्य मागावं तर डॉक्टरांचे शब्द आठवत, आणि दुर्बिणीच्या दोन रात्री देवीकडे कशा मागायच्या? ती नुसती हात जोडून बसून राही.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा ती वर्गात प्रकाशाचं अपवर्तन शिकवत होती. पौषात, अमावास्येच्या आसपासच्या दोन रात्री. परीक्षकाचा शेराही होता, एकच वाक्य. प्रश्न साधा आणि चांगला आहे, आणि इतकी वर्षे चिकाटीने जमवलेली पूर्वनिरीक्षणे असामान्य आहेत. मेघानं तास अर्ध्यावर सोडला. तासिकेवरच्या माणसाला तसं करता येत नाही, तिनं केलं. बसमध्ये ते वाक्य तिनं मराठीत कसं सांगायचं ते घोळवून घोळवून पाठ केलं.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बाकावर बेबाबाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सरांचा चष्मा आणि कवळी. मुलगा खाली गाडीचं बघायला गेला होता.

‘‘दुपारले गयात,’’ बेबाबाई म्हणाल्या. ‘‘तू इशीन म्हनीसन दरवाजाकडेच देखी राहिंथात.’’

मेघा त्यांच्या शेजारी बसली. पाठ केलेलं वाक्य तिच्या तोंडात तसंच राहिलं.

सुतक फिटलं, गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले. पौषातल्या त्या दोन्ही रात्री आभाळ निरभ्र राहिलं. मेघाला डोंगरावर जावं लागलं नाही; तिथली माणसं तिच्या वतीनं निरीक्षण करून फाइल पाठवतात. फाइल आल्यावर ललितनं फोनवर तिच्याबरोबर बसून आकडे लावले, आणि हळूहळू पडद्यावर उभ्या रेघांचा तो वर्णपट उमटला. इतकी स्वच्छ उत्तरं आयुष्यात क्वचित मिळतात. ललित पलीकडून ओरडला, ‘‘ताई! सर असते तर...’’ मेघानं फोन ठेवला. घरात कुणाला सांगावं असं तिच्या मनात आलं, आणि सांगून कुणाला कळणार आहे, असंही आलं. ज्याला एका शब्दात कळलं असतं असं माणूस एकच होतं.

दुपारी ती सरांच्या घरी गेली. पलंगाची गादी वाळत घातली होती, यंत्र भाड्याचं होतं ते परत गेलं होतं. घर फार शांत वाटत होतं. बेबाबाई भिंतीला टेकून दादर ज्वारी निवडत होत्या. मुलगा त्यांना सुरतेला नेणार होता. ज्वारी नीट करून बरोबर न्यायची म्हणत होत्या.

‘‘समजनं का?’’ त्यांनीच विचारलं.

‘‘समजलं, अक्का.’’

‘‘काय शे ते?’’

‘‘धूळ.’’

बेबाबाईंचा हात सुपातच थांबला. ‘‘धूळ? बस, इतलंच?’’

‘‘इतलंच नाही, अक्का. त्या ताऱ्याभोवती आणखी एक लहान तारा फिरतो, आणि त्या लहान ताऱ्याभोवती धुळीचं मोठं कडं आहे. तशाच धुळीतून...’’ मेघा थांबली. तशाच धुळीतून एकेकाळी पृथ्वी झाली, हे सरांना सांगावं लागलं नसतं. ‘‘जाऊ द्या,’’ ती म्हणाली.

बेबाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि चटईवर शेजारी हात मारला.

‘‘आठे बस. सुरुवातपाईन सांग बठ्ठं. त्यास्ना बदलमा मी आयकस.’’

मेघा बसली. तारा कुठं असतो तिथपासून तिनं सुरुवात केली. मंदावतो कसा, कितीदा मंदावला, कुणी पाहिला, गच्चीवर थंडीत कानाला मफलर बांधून कसा पाहिला. बेबाबाई हुंकार देत होत्या. वर्णपटाशी येईपर्यंत हुंकार विरळ झाले. तिनं वळून पाहिलं. कितीएक रात्रींची जागी बाई भिंतीला डोकं टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, मांडीवरच्या ओंजळीत ज्वारीचे चार दाणे.

मेघानं आवाज जरा खाली आणला आणि कड्याचं पुढचं सांगायला घेतलं.