तिघांत एकच तुकडा

मी पनवेलच्या एका दवाखान्यातला बॅकअपचा डबा बोलतोय. चपलांच्या खोक्याएवढाच आहे मी, पण सगळ्या पेशंटचं रेकॉर्ड माझ्या पोटात.

दवाखान्यात मोठा कम्प्युटर एकच. त्याच्या आत तीन कम्प्युटर असल्यासारखे चालायचे. एक नावनोंदणीचा, एक रक्त तपासणीचा, एक सोनोग्राफीच्या फिल्मचा. रोज तिघांची नक्कल माझ्याकडे यायची. तिघांत पुष्कळ सारखंच असतं. तेच पुन्हा आलं की मी टाकून द्यायचो, एकच तुकडा ठेवायचो. दयामाया मला शिकवलेलीच नाही. जागा वाचते म्हणून दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम खूश.

कम्प्युटर बघणारा धनेश दोन-दोन नकला घ्यायचा, पण दोन्ही माझ्यातच. "दोन कॉप्या आहेत मॅडम, बिनधास्त राहा," म्हणायचा. आत तुकडा एकच, हे त्याला कळलंच नाही.

उन्हाळ्यात माझी डिस्क बिघडायला लागली. मी लाल दिवा लावला, पी पी ओरडलो. काउंटरवरच्या मुली वैतागल्या, म्हणून धनेशने माझा आवाज बंद केला नि दिव्यावर चिकटपट्टी लावली.

मग मोठा कम्प्युटर जळाला. धनेश माझ्याकडे धावला. तिघांना लागणारा तोच तुकडा खराब झालेला. पहिली नक्कल उघडेना, दुसरीही उघडेना.

त्याच आठवड्यात आपटा गावच्या आदिवासी वाडीवरची शुक्री आली, कडेवर बाळ्या. त्याच्या हृदयाला जन्मापासून भोक. ते किती वाढलं हे जुनी फिल्म नवीशी ताडून मुंबईचे डॉक्टर ऑपरेशनची तारीख देणार होते. कम्प्युटरमध्ये आहे म्हणून तिच्या हातात कधी काही दिलंच नव्हतं. आता मॅडमनी तिलाच झापलं, की तुम्ही लोक मागून का घेत नाही. नवीन फिल्म काढून दिली. मुंबईवाले म्हणाले, ताडायला जुनी नाही, दिवाळीनंतर परत काढा, मग ठरवू.

दिवाळीनंतर शुक्री एकटीच आली. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "बाळाला घेऊन या, त्याशिवाय कशी काढणार?"

"त्याला कुठून आनू, ताय?" शुक्री म्हणाली. "जुनी फिलीम गावली का, त्येच इचारायला आले. तिच्यात त्याचं काळीज हालताना दिसायचं. आमी फोटू कधी काढलाच नाय."

मुलीने आत विचारलं. धनेश म्हणाला, नवीन डबा आणलाय, आता काही प्रॉब्लेम नाही.

मी टेबलाखाली पडलोय. भंगारवाला येणार आहे. बाळ्याच्या फिल्मचे तुकडे माझ्यात धड आहेत, फक्त उघडायची वाट बंद झाली. जाणकाराकडे नेलं तर कदाचित निघेलही. मॅडम म्हणाल्या, आता कशाला तो डबा नाचवायचा.

शुक्री बाहेर बाकावर बसली आहे. कुणीतरी मला उचला हो. ते काळीज अजून माझ्यात आहे.