गरमीचा रिपोर्ट

चौतिसाव्या वर्षी संयोगिताचा उजवा हात लुळा पडला, जीभ अडखळायला लागली, तेव्हा भाऊ ज्ञानू तिला कोरेगावहून थेट सांगलीला घेऊन आला. विश्रामबागच्या डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी मेंदूचा एमआरआय बघितला आणि विचारलं, "पोटातली मुलं किती गेली?"

"तीन." हाताचा आणि त्याचा काय संबंध, तिला कळेना.

संबंध होता. रक्त नको तिथं गोठतं, बाई म्हणाल्या, कधी गर्भाच्या वारेत, कधी मेंदूत. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. आपल्याकडं अशा बायका किती, हे कुणी धड मोजलंच नव्हतं, म्हणून त्या चार वर्षं दवाखान्यांच्या जुन्या फायली चाळत होत्या. "यात गुप्तरोगाची साधी तपासणी कधी कधी खोटीच पॉझिटिव्ह येते. तुमची आली होती?"

आली होती का म्हणे! त्या कागदानंच तर संसार उठला. तिसऱ्या खेपेला सासू हरणाबाई म्हणाली, "हिला गरमी हाय." आणि ही खुळी! गरमी म्हणजे उष्णता, एवढंच हिला ठाऊक. सब्जा प्यायली, गुलकंद खाल्ला, वर नळावरच्या बायकांना आपणच सांगत सुटली, "मला लय गरमी हाय, म्हणून पोरं टिकत न्हाईत." बायका तोंडाला पदर लावायच्या. गरमी म्हणजे गुप्तरोग, हा खरा अर्थ कळला तेव्हा विट्याजवळच्या सासरच्या गावात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. दवाखान्यानं पुन्हा रक्त घेतलं. फौजेतनं सुट्टीवर आलेला नवरा धैर्यशील रिपोर्ट आणायला गेला. परतल्यावर खाली बघून म्हणाला, "त्यातबी तेच हाय." तिनं मुकाट विश्वास ठेवला. मागनं फारकतीचे कागद आले. माहेरी बापानं मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही.

आठ दिवसांनी बाईंनी त्या दवाखान्यातली तिची जुनी फाईल काढली. दुसरी, पक्की तपासणी निगेटिव्ह. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'गुप्तरोग नाही. रक्त गोठण्याचा आजार असावा. इंजेक्शनं घेतल्यास मूल होऊ शकतं, पत्नीस घेऊन यावे.' रिपोर्ट नेल्याची सही धैर्यशीलची.

संयोगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसासाठी देवाला नवस बोलली, त्यानंच केसानं गळा कापला होता. ज्ञानूनं धैर्यशीलला फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"दुसरा... रिपोर्ट... वाचला हुता तुमी?"

"व्हय."

"खालचं... औषधाचं?"

"तेबी वाचलं. आता नऊ वर्सांनी कशाला उकरतीस?"

"मग सांगितलं का न्हाई?"

"काय सांगणार? तवर आईनं इकडं माझ्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडली हुती."