सीतारामांचा डावा पाय आणि मी

मी लूपर बोलतोय. बोलतोय म्हणणं जरा धाडसाचंच, कारण आजवर माझ्या तोंडून निघालं ते सगळं दुसऱ्यांचं. तळहातावर मावेल एवढी लोखंडी डबी आणि तिच्यावर एक गोल बटण, इतकाच माझा पसारा. गिटारची वायर माझ्यात येते. बटण पायानं दाबलं की मी ऐकू लागतो. पुन्हा दाबलं की ऐकलेलं तेवढंच फिरून फिरून वाजवत राहतो, आणि वाजवणारा त्यावर दुसरी सुरावट चढवतो. एकट्या माणसाला सोबत देणं, हे माझं काम.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो खोक्यातला अंधार, आणि मग एकदम कोपरीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा सकाळचा उजेड. त्या उजेडात माया माझ्यावर वाकून बघत होती. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. विहारातल्या कार्यक्रमांत, कुणाच्या हळदीत ती आणि तिचा मित्र ऋतुराज दोन गिटार घेऊन वाजवायचे. ऋतुराजला पुण्यात नोकरी लागली नि तो गेला. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाचा कार्यक्रम मात्र ठरलेला होता. "मी एकटी करेन," असं माया फोनवर बोलून बसली आणि मला घेऊन आली.

पण तिचा पाय चुकायचा. फेरी जिथं संपते, तिथंच बरोबर माझं बटण दाबावं लागतं. माया आधी ऐकायची, मग घाबरत दाबायची, म्हणजे वरातीमागून घोडं! केसभर उशीर, पण दर फेरीला तेवढं भोक राहायचं आणि मी लंगडायचो. रोज सकाळी हेच. तिला रडू यायचं, मला तिची दया यायची, पण जे दिलंय तेच मी परत देणार.

गॅलरीत तिचे वडील बसलेले असायचे. सीताराम. खोपट डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेले. पेपर वधू-वरांच्या जाहिरातींपर्यंत वाचून झाला की त्यांना दिवस खायला उठायचा. एका सकाळी ते आत आले.

"अगं, तू ऐकतेस नि मग पाय टाकतेस. तोवर गाडी बंद पडते."

"पप्पा, हा काय एसटीचा क्लच आहे का?"

"पायाला काय कळतंय, कशावर ठेवलाय ते? तू वाजव. मी दाबतो."

डाव्या पायाची अनवाणी, भेगाळलेली, उबदार टाच. पहिल्याच खेपेला फेरीचं शेवटचं टोक सुरुवातीला बरोबर जुळलं आणि मी गोल झालो. किती वेळ फिरत राहिलो कोण जाणे. फरशीवरचं ऊन सरकत भिंतीवर गेलं, कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, आणि मायाचे सूर माझ्यातून जात होते, येत होते. सुरुवात कुठली नि शेवट कुठला, मलाच कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आवाज आवडला.

मग ठरलंच. स्टेजवर मायाशेजारी खुर्ची टाकून सीताराम बसणार आणि बटण सांभाळणार. माणूस बदलून गेला. सातच्या आत दाढी, आंघोळ. "चल, ड्युटीची वेळ झाली," असं म्हणून तेच मायाला हाक मारायचे.

त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. सीतारामांचा पाय माझ्यावर पडायचा, त्याच क्षणी मायाचा पाय शेजारच्या फरशीवर पडायचा. केसभरही उशीर नाही. पायाखाली मी नव्हतो ना, मग चुकायची भीती कसली? तिला याचा पत्ता नव्हता. सीतारामांनी मात्र पाहिलं. त्यांचा पाय माझ्यावर एकदम जड झाला. सांगितलं असतं तर ड्युटी संपली असती, दुसऱ्यांदा. पंधरा दिवस त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मी त्यांना दोष देत नाही.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. संध्याकाळी डोंबिवलीत चाळीसेक खुर्च्या भरल्या. सीताराम नवे काळे बूट घालून आले होते. मायानं सुरुवात केली, त्यांनी पहिल्यांदा दाबलं, मी ऐकू लागलो. फेरी संपत आली. त्यांचा बूट माझ्यावर आला. मायाचा पाय वेळेवर आला नाही तर चारचौघांत पोरीचा विचका होईल, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

तरीही त्यांनी पाय बाजूला घेतला.

बटण मोकळं दिसलं, मायाला विचार करायला वेळच नव्हता. तिचा पाय फरशीऐवजी थेट माझ्यावर आला, आणि मी गोल झालो. पुढची सगळी वीस मिनिटं तिनंच मला चालवलं. सीतारामांनी खुर्ची हातभर मागं घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

टाळ्या संपल्यावर माया त्यांच्यावर उखडली. "पप्पा, काय झालेलं तुम्हाला? माझा जीव गेलेला ना!"

"अगं, नवीन बूट. वायरीत अडकला."

ती हसली, तेही हसले. तेव्हापासून हा बुटाचा किस्सा ते साऱ्या बिल्डिंगला रंगवून सांगतात.

आता माझ्या बटणाचा रंग उडालाय. मायाच्या बॅगेत पाण्याच्या बाटलीशेजारी पडून मी कल्याणला जातो, बाळकुमच्या सोसायट्यांत जातो. ती एकटी वाजवते, आणि पाय कुठं आहे हे बघतही नाही. सीताराम पुन्हा गॅलरीत असतात. तिचा रियाज चालू झाला की पेपर खाली ठेवतात.

मायाला मी काही सांगू शकत नाही. माझ्याकडून तिला तिचेच सूर ऐकू येतात. म्हणून तुमच्याशी बोललो. एकच मागणं आहे. कधी कोपरीत गेलात आणि सीतारामांनी तुम्हाला बुटाचा किस्सा सांगितला, तर पोट धरून हसा. वायर त्यांच्या बाजूला नव्हतीच, हे मात्र बोलू नका.