खुर्चीची कावीळ

बाबूलाल महाराजांच्या मांडवात कावीळ चक्क डोळ्यांनी दिसायची, म्हणून अख्खं गाव तिथं लोटलं होतं. अनसिंगजवळच्या या गावात एवढे डोळे पिवळे झाले होते, की बाहेरून आलेला पाहुणा हळदीचा कार्यक्रम कोणाकडे आहे, असं विचारायचा. गुलाबरावांची गरोदर सून गेली अन् गावाचं हसणं थांबलं.

पंचफुला आपल्या सुनेचा, राखीचा, हात घट्ट धरून रांगेत उभी होती. राखीला सातवा महिना. सकाळपासून ती भलतंच बोलत होती, आत्ताच तिनं सासूला विचारलं, "तुमी कोण?"

महाराज रोग्याच्या हातांवर तपकिरी तीर्थ चोळत, मग ते हात पांढुरक्या पाण्याच्या परातीत बुडवत. पाणी पिवळंधमक!

"पाहा, निघून राह्यली! डॉक्टरच्या सुईनं ते आत दडते. रोग्याचं अंथरूण नाल्यात सोडा, रोग वाहून जाते."

गावानं इमानदारीनं सोडलं होतं. नाल्यात इतक्या गाद्या साचल्या, की पाणी वाहायचं सोडून झोपलं होतं. त्यात राखीची गोधडीही होती.

तेवढ्यात शाळेच्या सुचिता मॅडम रांगेत घुसल्या. "काकू, राखीले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!"

"मले भेव नका दाखवू, मॅडम. गुलाबरावची सून सुई टोचल्यावरच गेली."

"तिले उशिरा नेलं म्हणून गेली." मॅडमनी हात पुढं केला. "महाराज, माही कावीळ काढा."

"तुमाले कावीळ नाही."

"मंग पाणी पिवळं होणार नाही. काढा तर!"

महाराज मंत्र शोधू लागले. तेवढ्यात मॅडमनी तीर्थ उचललं, शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पायाला चोळलं अन् ताज्या पाण्याच्या परातीत तो पाय बुडवला. पाणी पिवळंधमक.

"म्या सकाळपासून हिच्यावरच बसलो होतो!" सरपंच मारोतराव किंचाळले.

"म्हंजे, खुर्चीलेबी कावीळ?" पंचफुलानं विचारलं.

"आंब्याच्या सालीचा काढा हाय, काकू. चुन्याच्या निवळीत गेला की पिवळा होते. कोणाच्याही हातावर लावा. राखीचा रोग हातात नाही, पोटात हाय."

"त्या खुर्चीवर रोगी बसला असंल!" महाराज म्हणाले.

"मंग आता तुमी बसा."

महाराज काही बसले नाहीत.

"पण हे आलं कुठून?" पंचफुलानं राखीला जवळ ओढलं.

"नळाचा पाइप नाल्यातून येते अन् तो फुटला हाय. गाद्यायनं नाला तुंबला. संडासाचं घाण पाणी त्या पाइपात शिरून राह्यलं. तेच आपण पेतो."

पंचफुलानं पुढं काही ऐकलं नाही. सुनेला जवळजवळ उचलूनच तिनं मांडवाबाहेरच्या जीपमध्ये टाकलं.

वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन जीवांपैकी एकाचीही खात्री दिली नाही. राखी अजून भलतंच बोलत होती. वॉर्डाबाहेर बसून पंचफुलानं मारोतरावांना फोन लावला.

"गाद्या काढा नाल्यातून. पाइप नीट होईस्तोवर पाणी खळखळ उकळून प्या, लेकरायलेबी तसंच पाजा. ज्याचे डोळे पिवळे दिसले त्याले दवाखान्यात आणा, लाज नको, उशीर नको. भेव वाटते ना? मलेबी लय वाटून राह्यलं. वाटू द्या. पण भ्यालं की महाराजाकडं पळू नका, आपण काय पिऊन राह्यलो ते आधी पाहा."